कुंडल रोडला उतरा

समजा, एका फलकाचा मजकूर लिहायचं काम तुमच्याकडे आलं आहे. काळ्या दगडाचा फलक, उभा राहणार सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत. हे गाव कुणी वसवलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, एवढीच अपेक्षा. दगडावर फार तर शंभर शब्द मावतील. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९, निधन २६ सप्टेंबर १९५६, थोर उद्योजक. एवढं लिहून तुम्ही मोकळे होऊ शकता. त्यात खोटं काही नाही. पण वाचणारा दोन क्षण थांबेल आणि पुढे जाईल, कारण हा माणूस इथे का आला आणि त्याच्याबरोबर कोण आलं, हे त्या ओळींमध्ये कुठेच नसेल.

म्हणून लेखणी उचलण्याआधी प्रत्यक्ष जाऊन या. सव्वाशे वर्षं मागे जायचं आहे आणि वाटेत तीन-चार ठिकाणी उतरायचं आहे. डोळे उघडे ठेवा. दगडावर काय यायला हवं, ते तिथेच सापडेल.

भायखळा, १८९०चं दशक

तुम्ही मुंबईत आहात. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट अजून माटुंग्याला गेलेली नाही, ती भायखळ्यात आहे. बाहेर गिरण्यांची धुराडी, आत यंत्रांच्या आराखड्यांचा तास चालू. वर्गात शिरून शेवटच्या बाकाशी उभे राहा. कागद ताणून बसवलेले लाकडी फळे, टोक काढलेल्या पेन्सिली आणि फळ्यांमधून फिरणारा पंचविशीचा शिक्षक. एका मुलाच्या कागदावर वाकून तो एका चाकाच्या दात्यांकडे बोट दाखवतो. दाता इथे चुकला तर समोरच्या चाकात बसणार नाही, हे त्याला कागदावरच दिसतं.

हे लक्ष्मणराव. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकार व्हायला म्हणून मुंबईत आला होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकू लागला आणि काही काळाने ध्यानात आलं, की काही रंगांमधला फरक त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकलेचं दार तिथेच बंद झालं. उरली ती काळी रेघ. मोजून मारलेली, पट्टीला धरलेली, यंत्राची रेघ. त्याने तीच धरली. जे अंगी नाही त्यासाठी कुढत न बसता जे आहे त्याचा उपयोग शोधायचा, ही त्याची रीत इथे पहिल्यांदा दिसते. ती लक्षात ठेवा. पुढे माणसं निवडतानाही तो असाच वागणार आहे.

याच काळात बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' अशी पाटी लागलेली आहे. दुकान सायकलींचं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे घरातले रामूअण्णा, त्यांनी त्या विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायच्या. नोकरी एका हाती, दुकान दुसऱ्या हाती, असं चाललेलं आहे. मग इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची जागा निघते. ती यांच्या हक्काची, पण मिळते एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणराव राजीनामा देतात आणि बेळगावची गाडी धरतात. तुम्हीही त्याच गाडीत बसा.

बेळगाव, नांगराभोवतीचा घोळका

आता तुम्ही एका छोट्या कारखान्याच्या अंगणात आहात. आधी कडबा कापायची यंत्रं झाली, आता लोखंडी नांगर झाले आहेत. सहा नांगर ओळीने उभे आहेत. एकाच्या फाळावर हात ठेवून पाहा. उन्हाने तापलेला, कडेला अजून खरखरीत. फाळाला लागूनच वळवलेला लोखंडी पंख आहे. लाकडी नांगर जमिनीला ओरखडा काढत जातो. हा पंख खालची माती उचलून उलटी टाकतो. हरळीच्या मुळ्या उन्हात उघड्या पडतात आणि वाळून जातात. ज्या रानात हरळी आणि कुंदा माजला आहे, तिथे याच्यासारखं औत नाही.

शेतकरी येतात, वाकून बघतात, पंखावर बोट फिरवतात आणि निघून जातात. लोखंडाने जमिनीला विष लागतं, असं ते म्हणतात. त्यांच्या मागोमाग चार पावलं जा आणि त्यांच्या बाजूनेही बघा. त्यांच्याकडे एकच रान, वर्षात एकच पावसाळा. यंदा प्रयोग फसला तर पुढचं वर्ष उपाशी. शिवाय त्यांचा बाभळीचा नांगर गावच्या सुताराने केलेला असतो. तो मोडला तर सुतारच नीट करून देतो आणि सुगीला आपलं बलुतं घेऊन जातो. लोखंडी नांगराचा फाळ रानात मोडला, तर कुणाच्या दारात जायचं? त्यांची शंका वरवर जमिनीची असली तरी खाली भरवशाची आहे.

पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! त्या अंगणात रोज सकाळी ते सहा नांगर पुसून ठेवणाऱ्या माणसाचा विचार करा. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं होतं. लक्ष्मणरावांनी नांगर सुधारला. फाळाचं टोक लवकर झिजतं म्हटल्यावर ओतकामात बदल केला आणि मोडलेला भाग नवा मिळेल अशी सोय ठेवली. सुताराच्या दाराने दिलेला भरवसा कारखान्याच्या दारानेही द्यायला हवा, हे त्यांना उमगलं. हळूहळू एका रानातलं पीक बघून शेजारच्या रानातला माणूस येऊ लागला.

आणि धंदा रुळावर येतोय म्हणेपर्यंत नगरपालिकेचा कागद हातात पडला. शहराच्या वाढीसाठी ही जागा हवी आहे, कारखाना हलवा. भट्टी, यंत्रं, साचे, माणसं, सगळं उचलून न्यायचं कुठे? हाती पैसा नाही, दुसरी जागा नाही. चाळिशीच्या लक्ष्मणरावांनी उभं केलेलं सगळं अंगणात मांडून पडलं आहे.

औंधाचा राजा

आता थोडा वेळ औंधला थांबा. यमाईच्या डोंगराखालचं हे छोटं संस्थान. त्याचा मुलूखही सलग नाही; औंध एका बाजूला, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्र काढणारे, सूर्यनमस्काराचे आग्रही. लक्ष्मणराव त्यांच्या संस्थानात एका मोठ्या बांधकामाचं काम करत होते, त्यामुळे हा माणूस कसं काम करतो, हे बाळासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्यांनी सांगितलं, की कुंडल रोड स्टेशनजवळ आपल्या हद्दीत जमीन आहे, ती घ्या. बत्तीस एकर. वर दहा हजार रुपये, बिनव्याजी. १९१० सालचे दहा हजार! तारण म्हणून समोर काय होतं? उठवून लावलेला कारखाना आणि एका माणसाचा शब्द. चित्रकार राजाने चित्रकार होऊ न शकलेल्या माणसाला पारखलं आणि हात पुढे केला. फलकासाठी पहिला मुद्दा इथे टिपून घ्या. गावाची सुरुवात विश्वासाने झाली, आणि तो विश्वास आधी कुणीतरी लक्ष्मणरावांवर टाकला होता.

१० मार्च १९१०

मिरजेकडून येणारी मीटरगेजची गाडी कुंडल रोडला थांबते. तुम्ही उतरता. फलाटावर सावली नाही. गाडी निघून गेली की लांबवर माळ दिसतो, मुरमाड, भाजलेला. आणि फड्या निवडुंग. कमरेएवढा, काही ठिकाणी डोक्यावर गेलेला, काट्यांची भिंत करून उभा. दख्खनच्या माळांवर त्या काळी हा निवडुंग सगळीकडे माजलेला होता. त्याला खाणारा कीटक सोडून त्याचा नायनाट होईल, पण ती गोष्ट अजून वर्षानुवर्षं पुढची. आज त्याच्या बुडाशी सापांची बिळं आहेत, त्यात नागही आहेत. पाऊल टाकाल तिथे आधी काठी आपटून घ्या.

पंचवीस कामगार उतरले आहेत, बायकामुलांसह. गाठोडी, कळशा, तवे, ट्रंका. बेळगावच्या भरल्या पेठेतून आलेल्या बाया समोरच्या माळाकडे बघतात. त्यांच्यातल्या एकीच्या शेजारी उभे राहा. तिने नवऱ्याला काय विचारलं असेल, हे तुम्हाला न ऐकताही कळेल. पाणी कुठून आणायचं? पोरं कुठे निजवायची? इथे बाजार कधी भरतो? कारखान्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना यंत्र कधी आलं ते सापडतं. चूल कधी पेटली ते कुणी टिपून ठेवत नाही. पण त्या दिवशी चुली पेटल्या नसत्या, तर दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंचा संसारही याच माळावर मांडला जाणार आहे.

रात्र पडते. अमावास्या उद्यावर आलेली, त्यामुळे चंद्र नाही. अंधार इतका दाट, की हात समोर धरला तर दिसत नाही. येत्या चैत्र-वैशाखात याच आकाशात पहाटे हॅलेचा धूमकेतू दिसणार आहे आणि गावोगाव लोक त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी अशुभ घडेल म्हणणार आहेत. ही मंडळी तोवर निवडुंग तोडून मोकळ्या केलेल्या जागेवर पाया खणत असतील.

त्यांच्यात कोण कोण आहे, ते बघून घ्या. के. के. कुलकर्णी मॅट्रिकला नापास झालेले. कारखान्याचा कारभार ते पाहतील. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. त्यांच्या कल्पक डोक्यातून यंत्रं निघतील. शंभूराव जांभेकर इंजिनावर हात बसलेले, मंगेशराव रेगे हिशेबाला. प्रमाणपत्रांनी माणूस मोजायचा ठरवला असता, तर यांतल्या बहुतेकांना कुणी दारात उभं केलं नसतं. लक्ष्मणरावांना रंग ओळखता येत नव्हते, म्हणून त्यांचा हात वाया गेला नव्हता. तोच हिशेब त्यांनी दुसऱ्यांना लावला. मॅट्रिकचा निकाल कागदावर राहिला. माणसाला काय येतं, ते त्यांनी कामावर उभं करून पाहिलं.

राखणदार

आणखी काही दिवस थांबा. यंत्रं आली आहेत, सामान उघड्यावर आहे, कुंपण म्हणून काटे. रात्री राखणीला कोण?

कंदिलाच्या उजेडात दोन माणसं फिरताना दिसतात. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांनीही दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंग भोगलेला आहे. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव निघालं की दारं लागतात. आणि या वाडीची राखण त्यांच्या हातात दिलेली आहे.

इथे घाईने पुढे जाऊ नका. हा तो काळ आहे, ज्यात सरकारच जन्मावरून गुन्हेगार ठरवत होतं. १८७१ सालच्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय करून ठेवली होती. रामोशी समाज स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आला, त्यामागचा इतिहास हाच. एकदा शिक्का बसला की माणसाला काम नाही, काम नाही म्हणून पुन्हा गुन्हा, आणि पुन्हा गुन्हा म्हणून शिक्का पक्का. हा फास कुठेतरी तोडायचा, तर आधी कुणीतरी जोखीम घ्यायला हवी. लक्ष्मणरावांनी ती घेतली. त्यांनी त्या दोघांची कीव केली नाही, त्यांना जबाबदारी दिली. आणि ती त्यांनी निभावली. वाडीचे भरवशाचे राखणदार म्हणूनच त्यांची नावं मागे राहिली आहेत.

याच औंध संस्थानात पुढे, १९३९ साली, बाळासाहेबांच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नसलेला तुरुंग. कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला, म्हणून देशाला ते ठाऊक झालं. पण त्याच्या कितीतरी आधी कुंडल रोडच्या माळावर दोन माणसं कंदील घेऊन रात्रभर फिरत होती आणि बाकीची वाडी निर्धास्त झोपत होती. तुमच्या फलकासाठी दुसरा मुद्दा हा.

तोफेचा फाळ

पहिलं महायुद्ध. परदेशातून येणारं लोखंड आटलं आहे. नांगराला मागणी आहे, हाताला काम आहे, पण भट्टीत टाकायला माल नाही. कारखाना बंद पडायची वेळ आलेली असताना एक वाट सापडते. कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा मिळतात.

ओतशाळेत जा. अंगावर धग येते, तोंडाला कोळशाची चव. एका कोपऱ्यात तोफेचे फोडलेले तुकडे पडले आहेत. एकावर अजून कडीची खूण दिसते. कधीतरी हे लोखंड गडाच्या बुरुजावर होतं. जमिनीवर ओळीने वाळूचे साचे मांडले आहेत, ओलसर काळ्या वाळूत नांगराच्या भागांचे आकार उमटलेले. भट्टीचं तोंड फोडतात आणि नारिंगी धार खाली भांड्यात उतरते. दोघे जण लांब दांडा धरून, पावलाला पाऊल जुळवत, भांडं साच्यापाशी आणतात. कुणी बोलत नाही. धार साच्याच्या भोकात बारीक, अखंड सोडावी लागते. मध्ये तुटली तर आत सांधा राहतो आणि तो फाळ पहिल्याच दगडावर मोडतो. धार सुटते, वाळूतून वाफ येते, बाजूच्या भोकातून लाल ठिपका वर आला की साचा भरला. पुढचा साचा.

निवल्यावर वाळू झाडून काढतात, ओबडधोबड कडा छिन्नीने उडवतात, आणि समोर असतो बिडाचा नवाकोरा फाळ. माणूस मारायला ओतलेलं लोखंड आता माती उलटवायला निघालं. या माळावर ज्याला त्याला नवं काम मिळत होतं, लोखंडालाही मिळालं.

वाडी मोठी होते

आता वर्षं भराभर जाऊ द्या. १९२० साली कंपनी रीतसर लिमिटेड होते. भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, उसाचे चरक, मग पंप. विहिरीत पाणी आहे पण मोट ओढायला बैल थकतात, अशा गावांकडे हे पंप जातात. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून शंतनुराव १९२६ साली परततात आणि वडिलांच्या कारखान्यात उभे राहतात. पुढे हरिहर, पुणे, बंगळूरपर्यंत कारखाने पसरतील. त्यांचा हिशेब बऱ्याच पुस्तकांत आहे. तुम्ही वाडीतच थांबा.

निवडुंगाच्या जागी आता घरांच्या रांगा आहेत, झाडं आहेत, शाळा आहे. तिशीच्या दशकातल्या एका दुपारी छापखान्याच्या दाराशी उभे राहा. ओतशाळेच्या गावात छापखाना! १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. मालाची माहिती देणाऱ्या पत्रकातून ते वाढत गेलं आणि त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३०मध्ये 'स्त्री' आलं, १९३४मध्ये 'मनोहर'. पुण्या-मुंबईपासून लांब, एका कारखान्याच्या वाडीतून निघालेली ही मासिकं विदर्भापासून कोकणापर्यंत घराघरांत जात होती. बाईने शिकावं का, विधवेने पुन्हा लग्न करावं का, शिवाशीव कधी जाणार, हे प्रश्न टपालाच्या थैल्यांतून इथून बाहेर पडत होते.

आणि हे नुसतं छापलेलं नव्हतं. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. बाहेरच्या गावात पाणवठे वेगळे असताना इथे एका फाटकातून सगळ्यांनी आत यायचं आणि एका कामावर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. जात एका हुकमाने जात नाही, मनातली तर नाहीच. पण गावाचा नियम काय असावा, हे ठरवायची संधी गाव वसवणाऱ्याला मिळते, आणि ती एकदाच मिळते. लक्ष्मणरावांनी ती दवडली नाही.

आता दगड

परत या. आजचं स्टेशन, आजच्या गाड्या. 'कुंडल रोड' जाऊन स्टेशनावर 'किर्लोस्करवाडी' हे नाव कधीच लागलेलं आहे. १९६९मध्ये लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीटही काढलं. म्हणजे नाव विसरलं जायची भीती नाही. विसरलं जातं ते काम, आणि ज्यांच्या जोरावर ते झालं ती माणसं.

फलक कसा असावा, हे शिकायला लांब जायला नको. आपल्या गावांच्या वेशीवर, जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं सोडवताना आलेलं मरण, वर अप्सरा त्याला घेऊन जाताना, त्यावर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही. तो वीर कोण होता, कळत नाही, पण त्याने काय केलं आणि कुणासाठी केलं, हे अक्षरओळख नसलेल्या गुराख्यालाही शेकडो वर्षं कळत आलं आहे. आताच्या संगमरवरी पाट्यांवर मात्र ज्याच्या स्मरणार्थ पाटी लावली त्याची एक ओळ, आणि अनावरण करणारे, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, निमंत्रक यांच्या दहा ओळी. दहा वर्षांत ती पदं बदलतात आणि पाटी मुकी होते. आपल्या आजोबा-पणजोबांना दगडावर काय कोरायचं हे कळत होतं. आपण तो धडा पुन्हा गिरवायला हवा.

एक मोह आणखी टाळा. गाव एकट्याने वसवलं, असं लिहायचा. साकचीच्या रानात टाटांचं पोलादाचं शहर उभं राहत होतं ती हीच वर्षं. पण जमशेटजी १९०४ सालीच गेले होते. त्यांच्या नावाचं गाव त्यांनी पाहिलं नाही. लक्ष्मणराव पहिल्या दिवसापासून या माळावर होते, तोच काटा त्यांच्या पायात, तोच धूर त्यांच्या डोळ्यांत. म्हणूनच त्यांचं मोठेपण त्यांच्याबरोबरच्यांची नावं गाळून सांगता येणार नाही. ती नावं घेतली की ते वाढतं.

तर मजकूर काहीसा असा होईल:

'१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन या जागी उतरले. तेव्हा इथे निवडुंगाचा माळ होता. जमीन आणि बिनव्याजी कर्ज औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विश्वासावर दिलं. शाळेत नापास झालेल्यांनी इथे कारखाना चालवला. तुरुंगातून सुटलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांनी इथली राखण केली. जुन्या तोफा वितळवून इथे नांगर झाले. या वाडीत अस्पृश्यता पाळली गेली नाही.'

साठ शब्दांच्या आसपास. गौरवाचं विशेषण एकही नाही, आणि लागतही नाही. अनावरण कुणी केलं हे कुठेतरी लिहायलाच हवं असेल, तर ते दगडाच्या पाठीमागे लिहा.

अजून एक काम उरतं, आणि ते मजकूर पाथरवटाकडे देण्याआधी करायचं आहे. पंचवीस कामगारांपैकी मोजकीच नावं छापील इतिहासात आली. बाकीच्यांची, त्यांच्या बायकांची, त्या माळावर पहिली कळशी भरून आणणाऱ्या बाईची नावं कुठे असतील, तर घरांत. नातवंडांच्या, पतवंडांच्या कपाटात जुना फोटो असेल, मागे शाईने कुणाचं तरी नाव असेल, एखादं पगाराचं पुस्तक, एखादं लग्नपत्र असेल. जुन्या माणसांना नीट बसून विचारलं, तर 'आमचे आजोबा बेळगावहून पहिल्या गाडीनं आले' असं सांगणारं कुणीतरी भेटेल. ते लिहून घ्या, तारखेसह, सांगणाऱ्याच्या नावासह. वाडीच्या शाळेतल्या मुलांना हे काम दिलं, तर ती एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करतील, आणि आपलं गाव कशावर उभं आहे हे जन्मभर विसरणार नाहीत.

कराडजवळची ओगलेवाडी, जिथून प्रभाकर कंदील घरोघर गेले. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. आणि तुमचं स्वतःचं गाव, ज्याची पहिली विहीर कुणीतरी खणली होती. सगळीकडे हेच करता येईल. संस्थापकाचा पुतळा उभारायला पैसा लागतो. त्याचं काम नीट सांगायला पैसा लागत नाही. त्याच्याबरोबर कोण होतं, हे विचारायची तयारी लागते. लक्ष्मणरावांनी माणसं निवडताना कुणाचा शिक्का बघितला नाही. त्यांचा फलक लिहिताना आपणही कुणाला मोजणीतून वगळू नये, हाच त्यांचा खरा मान आहे.